राणी मार्गारिता, आजीचे भेदरे आणि तव्यावरचा पिझ्झा

पिझ्झ्याच्या इतिहासात हटकून एक राणी येते. 1889 च्या जून महिन्यात इटलीची राणी मार्गारिता नेपल्सला आली. राफाएले एस्पोझितो या पिझ्झेवाल्याने टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या कुळातली बेसिलची पाने घालून राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा केला, आणि त्यास राणीचे नाव पडले. ही कथा मीही घरी मोठ्या आवेशाने सांगितली होती. पुढे साधनचिकित्सा शिकताना कळले, की कथेचा सारा भार ज्या राजवाड्याच्या आभारपत्रावर आहे, त्याच्या हस्ताक्षराविषयी आणि शिक्क्याविषयी संशोधकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. घरी जाऊन विधान मागे घ्यावे लागले. (आजी म्हणाली, ‘राणी कायले येते पिझ्झा खायाले!’)

राणी वगळली तरी नेपल्सच्या गल्लीतले गरिबांचे खाणे उरतेच. टोमॅटो मूळचा अमेरिकेतला. नेपल्समध्ये आंतोनिओ लातिनीच्या पाकग्रंथात, 1690 च्या दशकात, टोमॅटोची चटणी आढळते, आणि तीही ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून. म्हणजे इटलीलाही हे फळ परकेच होते. आमच्या गोंदियाकडे जुनी माणसे त्यास आजही ‘भेदरे’ म्हणतात. परक्या फळास आपले नाव मिळाले, की ते परके राहत नाही.

खरी अडचण ऐतिहासिक नव्हती. बाहेरून पिझ्झा आला, की आजी ताट घेऊन वेगळी बसे, कारण मैदा आणि चीजचा थर तिला रात्री पचत नाही. एका घरात दोन पंगती मला खटकत होत्या.

नेपल्सची भट्टी साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, पिझ्झा दीड मिनिटात भाजून निघतो. आपल्या तव्याला ते जमणे नाही, म्हणून युक्ती करावी लागते. दीड वाटी कणकेत अर्धी वाटी तांदळाचे पीठ, दोन चमचे दही, चिमूटभर सोडा, मीठ. तांदळात ग्लुटेन नसते, त्यामुळे नुसत्या तांदळाची कणीक ताणली जात नाही, फुगतही नाही. झाडीपट्टीत तांदळाचे आयते पातळ पीठ तव्यावर पसरून करतात, त्यामागेही हेच कारण असावे. थोडे मिसळले तर मात्र कड कुरकुरीत होते. अर्धा तास झाकून ठेवलेली कणीक पातळ लाटावी, एक बाजू भाजून उलटावी आणि भाजलेल्या बाजूवर भेदरे व लसूण आटवून केलेला दाट रस लावावा. कच्च्या बाजूवर लावल्यास पोळी ओली होते. पहिल्या खेपेस माझी झालीच. कांदा, ढोबळी मिरची आधी परतून पाणी उडवावे, चीज मूठभर पुरे. झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटे.

त्या रात्री आजी आमच्याच पंगतीत बसली. तुकडा उलटून तिने खालची बाजू पाहिली.

‘हा त आयताच होय, वर भेदरं लावलं त.’

दुसरा तुकडा मागताना तिने सोबत लाल मिरचीचा ठेचा मागितला. मिरचीही अमेरिकेचीच, हे मी त्या वेळी सांगितले नाही.