राक्षसिणीच्या बाजूने

भयकथा टाळणारा वाचक सरसकट भित्रा मानला जातो. वस्तुतः त्याची अडचण रक्ताशी कमी आणि वाट पाहण्याशी अधिक निगडित असते. शाळकरी वयात नारायण धारपांचे पुस्तक भर दुपारीही न उघडणारा आणि पुढे रत्नाकर मतकरींच्या गूढकथा अर्ध्यावर मिटणारा असा वाचक ज्याला बिचकतो, ते म्हणजे भक्ष्याच्या जागी बसून, दाराआड काय आहे हे ठाऊक नसताना ताटकळणे होय.

म्हणूनच जॉन विझवेल यांची ‘समवन यू कॅन बिल्ड अ नेस्ट इन’ (२०२४) ही नेब्युला पारितोषिकप्राप्त कादंबरी त्याच्या हातून सुटत नाही. ती क्वीअर प्रेमकथा आहे, म्हणजे स्त्री-पुरुष जोडीची रूढ चौकट तीत गृहीत धरलेली नाही. आणि तिची नायिका शेशेशेन ही रूप पालटणारी, माणसे खाणारी राक्षसीण आहे. शिकारी चालून येताच ती लोखंडी साखळीचा कणा, पूर्वी खाल्लेल्यांच्या हाडांचे हातपाय आणि अस्वलाच्या सापळ्याचा जादा जबडा जुळवून देह उभारते. हेच दृश्य शिकाऱ्याच्या डोळ्यांनी दाखवले असते तर असह्य झाले असते. येथे मात्र ते घाईने कपडे चढवण्याइतके घरगुती वाटते, कारण वाचकापासून काहीही लपवलेले नाही.

क्वीअर प्रेम आणि राक्षस यांची सांगड जुनी आहे. शेरिडन ले फानू यांच्या ‘कार्मिला’ या लघुकादंबरीत (१८७१-७२) तरुणीवर जीव जडवणारी तरुणी रक्तपिपासू ठरते, निवेदन तिच्या भक्ष्याकडे असते आणि अखेरीस तिचा शिरच्छेद होतो. अशा आकर्षणाला साहित्यात दीर्घकाळ राक्षसाचाच देह मिळाला, ही खेदाची बाब आहे. विझवेल तो देह नाकारत नाहीत, निवेदनाची दृष्टी तेवढी त्याच्या आत नेतात. शेशेशेनच्या जातीत प्रेम म्हणजे प्रिय व्यक्तीच्या शरीरात अंडी घालणे, आणि पिल्लांनी ते शरीर आतून खाणे. जखमी अवस्थेत आपली शुश्रूषा करणाऱ्या होमिली या स्त्रीविषयी तिला प्रथम हीच माया वाटते, आणि माणसांचे प्रेम निराळे असते हे तिला जवळिकीतून हळूहळू उमगत जाते.

पुस्तक खाली ठेवावेसे वाटते ते होमिलीच्या घरच्यांच्या प्रकरणांत. तेथे राक्षसाने घराण्याला शाप दिल्याचे मानणारी आई आणि तिची इतर मुले होमिलीला छळतात, आणि होमिली त्या छळालाच जिव्हाळा समजून मुकाट सोसत राहते. तिला कोणी दुखावू नये, ही तळमळ त्या घराण्यात नव्हे, तर त्याच घराण्याने शिकार ठरवलेल्या शेशेशेनमध्ये आढळते.