पहिला सडवा

गेल्या वर्षीच्या हिवाळी शिबिरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या पथकाने व्यसनमुक्तीवर पथनाट्य केले, तेव्हा दारुड्याचे काम माझ्याकडे आले होते. मी झोकांड्या खाल्ल्या, बायकोच्या नावाने बोंब ठोकली आणि शेवटी पारासमोर असा काही आडवा झालो, की दत्तक गावातली सारी मंडळी पोट धरून हसली. "हुबेहूब पडतोस रे!" म्हणून सरांनी पाठ थोपटली. असे पडायला कुठे शिकलास, हे मात्र कोणी विचारले नाही. विचारले असते तर सांगावे लागले असते, की माझ्या सख्ख्या मामाकडून.

त्या शाबासकीला तीन महिने होतात न होतात तोच, चैत्राच्या उन्हात, मी माझ्या याच दोन हातांनी मोहाची दारू गाळली. ही हकीकत वार्षिकांकात लिहावी की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. आपल्या अंकात सहलीची वर्णने येतात, पावसावरच्या कविता येतात. दारू गाळल्याची हकीकत आलेली मला तरी आठवत नाही. परंतु "स्वतः भोगलेले लिहा," असा प्राध्यापकांचा आग्रह असतो, आणि मी भोगलेले हे असे आहे.

एक गोष्ट अगोदरच सांगून टाकतो, म्हणजे वाचक घाबरायचे नाहीत. आमचे घर गोंदिया जिल्ह्यात, देवरी तालुक्यात. आम्ही गोंड. आईचे माहेर हद्दीच्या पलीकडे, छत्तीसगढात. अलीकडे 1949 सालचा दारूबंदीचा कायदा आहे. घरी दारू गाळणे हा गुन्हा ठरतो. पलीकडे मात्र आदिवासींना स्वतःच्या घरापुरती 5 लिटरपर्यंत मोहाची दारू काढण्याची मोकळीक आहे. झाडे तीच, फुले तीच, नातीगोतीही तीच. हद्दीचा दगड ओलांडला की न्याय बदलतो. मी जे केले ते दगडाच्या पलीकडे केले.

आज्याला जाऊन वर्ष होत आले होते. आमच्या घरची रीत अशी, की वर्षाच्या आत त्याच्या नावाने धरतीवर पाच थेंब सोडायचे, आणि ते थेंब घरच्याच मडक्यातले असायचे. विकतचे चालत नाहीत. आजवर हे काम आजीचे. पण पावसाळ्यात तिला लकवा झाला नि डावा हात लुळा पडला. मामा घरात होता, पण त्याच्या हाती मडके द्यायला आजी तयार नव्हती. "त्याच्या हातून देवाच्या वाट्याचा थेंब पोचत नाई, रस्त्यातच सुकते," असे ती म्हणे. तेव्हा तिने निरोप धाडला, की बाबूले पाठवा.

आईला हा निरोप मुळीच रुचला नाही. तिचे बालपण त्या भट्टीच्या धुरात गेले आणि भावाचे काय झाले ते तिने डोळ्यांनी पाहिले. आमच्या घरात मोहफुले येतात ती विकण्यासाठी. पहाटे वेचायची, अंगणात वाळवायची, बाजारात घालायची. मडक्यात एक फूलही जात नाही. माझ्या प्रवेशाचे पैसे त्याच फुलांचे नि तेंदूपत्त्याचे. तिने माझ्या पिशवीत भाकर बांधली आणि म्हणाली, "जा. आजीचा हात हो. पण शिकू नको." हे दोन्ही एकदम कसे करायचे, ते तिने सांगितले नाही.

आजीने मला मडके दाखवले. काळेकुट्ट, पोटाशी फुगलेले, आज्याच्या आईपासूनचे. त्याला आंबूस असा वास येत होता आणि आतून चिकट थर बसला होता. आमचे शिक्षण स्वच्छतेपासून सुरू होते. आजी झोपली असताना मी ते मडके विहिरीवर नेले, साबण लावून नारळाच्या शेंडीने घासघासून धुतले आणि दिवसभर उन्हात पालथे घातले. संध्याकाळी मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. आजीने मडक्यात नाक घातले, माझ्याकडे पाहिले, नि एवढेच म्हणाली, "मेला हा."

मला वाटले, ती उगीच म्हणते. गेल्या सालची वाळलेली फुले घेतली, दोन पायल्या. काड्याकचरा निवडला. वाळलेले मोहफूल मनुक्यासारखे दिसते, हाताला चिकटते, नि तोंडात टाकले तर गोडही लागते. मडक्यात फुले घातली, वर पाणी ओतले, तोंडाला फडके बांधले आणि चुलीजवळच्या कोपऱ्यात तणसाच्या चुंबळीवर ठेवले. यालाच सडवा म्हणतात. वर्तमानपत्रात 'सडवा नष्ट केला' अशी बातमी वाचून मला तो शब्द ठाऊक होता. वस्तू पहिल्यांदाच पाहत होतो.

एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. मी तासातासाला फडके उचलून पाही. फुले पाण्यात पडून फुगली होती, बाकी काही नाही. आजी रोज सकाळी सरकत सरकत यायची, मडक्याला कान लावायची नि मान हलवायची. "बोलत नाई," म्हणायची. चौथ्या दिवशी वर पांढरी बुरशी आली नि घरभर आंबट वास सुटला. पाचव्या दिवशी तो सडवा मी उकिरड्यावर ओतला. मामा ओट्यावरून पाहत होता. तो शुद्धीवर होता, आणि हसत होता. "कॉलेजात हेच शिकवते का रे?" त्याने विचारले. मला उत्तर सुचले नाही. बारावीला विज्ञान घेतलेला मित्रही मला आठवला नि माझ्या कलाशाखेचाही राग आला.

दुसऱ्या खेपेला आजीने मला शेजारच्या काकूंकडे धाडले. त्यांच्या घरी सडवा चालू होता. त्यांनी वाटीभर काढून दिला आणि म्हणाल्या, "विरजण हाय, सांडू नको." विरजण! दुधाला लावतात तेच की. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आजीच्या मडक्यातला तो चिकट थर म्हणजे घाण नव्हती. पिढ्यान्पिढ्या त्या मातीच्या छिद्रांतून विरजण राहत आले होते, आणि मी ते साबणाने धुऊन काढले होते.

या वेळी फडके एकदाही उचलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने मडक्याला कान लावला, नि मला खूण करून बोलावले. मीही कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती, दूर कुठेतरी पाऊस पडत असावा तशी. तिसऱ्या दिवशी तो आवाज वाढला, फुले वर आली नि फडके ओलसर झाले. पाचव्या दिवशी आवाज बसत गेला, फुले तळाशी जाऊ लागली. "झाला," आजी म्हणाली. तिने घड्याळ पाहिले नव्हते, की बोटे मोजली नव्हती. सारे कानाने.

परत आल्यावर ग्रंथालयात शोधाशोध केली, तेव्हा लुई पाश्चरची हकीकत सापडली. फ्रान्समधल्या लिल गावी 1856 साली बीटच्या रसापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे आंबट होऊ लागली. त्याचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी होता. पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पिंपांतला रस पाहिला. चांगल्या पिंपात किण्वाचे गोलसर कण होते. बिघडलेल्या पिंपात त्याहून बारीक, काडीसारखे जीव होते. म्हणजे रस एकच. त्यात कोणाचे राज्य होते, त्यावर पुढचे सारे ठरते. ते वाचताना मला आजी दिसत होती. पाश्चरने डोळ्याने पाहिले ते तिने कानाने ऐकले होते, आणि तिला कोणी प्राध्यापक म्हटले नाही. पण तिला पाश्चर ठाऊक असता, तर लुळा हात पडताच ती घाबरली नसती, की आता हे कोणाला सांगू. पुस्तकात गेलेली विद्या हातावर अवलंबून राहत नाही. हे दोन्ही मला एकाच वेळी कळले.

गाळण्याची रात्र मला जन्मभर आठवेल. चुलीवर सडव्याचे मडके; त्यावर बुडाला भोके पाडलेले दुसरे मडके; त्याच्या आत एक लहान गाडगे; आणि सर्वांत वर गार पाण्याने भरलेली पितळी. सांध्यांना ओल्या मातीने लिंपले. वाफ वर जायची, पितळीच्या बुडाला लागून गार व्हायची नि थेंब थेंब गाडग्यात पडायची. वरचे पाणी तापले की बदलायचे. आजी बाजेवर बसून हुकूम सोडी: "जाळ कमी कर. पाणी बदल. माती सुटली बघ." जाळ जास्त झाला की सडवा करपतो नि दारूला करपट वास येतो, कमी झाला की वाफच धरत नाही. धुराने माझे डोळे गळत होते. पितळीचे पाणी किती वेळा बदलायचे याचाही तिचा हिशेब होता; तो संपताच तिने जाळ ओढायला लावला.

गाडगे बाहेर काढले तेव्हा आत पाण्यासारखे स्वच्छ काहीतरी होते. आजीने त्यातले चिमूटभर निखाऱ्यावर टाकले. निळी ज्योत भपकन उठली. ती माझ्याकडे पाहून हसली. लकव्याने तोंड वाकडे झालेली आजी त्या रात्री फार सुंदर दिसली.

दुसऱ्या दिवशी आज्याच्या नावाने धरतीवर पाच थेंब सोडले. करणाऱ्याने जिभेला लावायचे असते, म्हणून मी बोट बुडवून लावले. जीभ पोळली, मोहफुलाचा गोडवा त्यात शोधून सापडला नाही. मग जमलेल्यांना पळसाच्या पानांच्या दोन्यातून थोडी थोडी दिली. मामालाही एक दोना दिला. त्याने दुसरा मागितला. सगळे गप्प झाले. आजी म्हणाली, "ज्यानं काढली त्याले विचार." मामाने माझ्याकडे पाहिले. मी लहान असताना खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा मामा माझ्याकडे हात पसरून उभा होता. मी नाही म्हणालो. उरलेली दीड बाटली मी धानाच्या कोठीत, अगदी तळाशी खुपसून ठेवली.

पहाटे मोहफुले वेचायला निघालो, तर मामा ओट्याच्या पायरीशी पडलेला. एक पाय वर, तोंड मातीत. अगदी मी पथनाट्यात पडलो होतो तसा. कोठीभोवती धान सांडले होते. मी त्याच्या काखेत हात घालून उचलू लागलो, तेव्हा कळले की पडलेला माणूस किती जड असतो. पथनाट्यात मला उचलायला चार मित्र धावले होते, नि मी स्वतःच अंग हलके केले होते. इथे मी एकटा होतो, आणि ती बाटली माझ्या हातची होती. त्याला बाजेवर टाकले, तोंड पुसले. डोळे न उघडताच तो म्हणाला, "चांगली निघाली रे." मी बाहेर जाऊन बराच वेळ मोहाखाली बसलो. फुले टपटप पडत होती. एकही वेचले नाही.

घरी आलो तेव्हा आईने विचारले, "शिकलास?"

खोटे बोलता आले असते. "हो," मी म्हणालो. आणि मामाचेही सांगितले. ती बराच वेळ चुलीत काड्या सारत बसली. मग म्हणाली, "मडक्याले साबण लावला म्हणे?" आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आले. ते पाणी नुसत्या हसण्याचे नव्हते, हे मला दिसत होते.

यंदाच्या शिबिरात दारुड्याचे काम पुन्हा माझ्याकडेच आले. मी सरांना म्हटले, पडणारा दुसरा कोणी होऊ द्या, मी उचलणारा होतो. तो प्रवेश आम्ही नव्याने बसवला. लोक हसले नाहीत. टाळ्याही गेल्या वर्षीइतक्या पडल्या नाहीत. सर जरा नाराज झाले. पण प्रयोगानंतर सातवी-आठवीतला एक मुलगा जवळ आला नि हळूच म्हणाला, "आमच्या बाबाले मी असाच उचलतो. काखेत हात नाई घालायचा, कंबरेत घालायचा." मी त्याला ती पकड दाखवायला लावली नि शिकून घेतली.

चैत्र पुन्हा जवळ आला आहे. मामाला गोंदियाला डॉक्टरकडे न्यायचे आईने नि मी ठरवले आहे. तो येईल की नाही, सांगता येत नाही. मी मात्र आजीकडे जाणार आहे. ती मडक्याला कान लावून काय ऐकते, कधी 'झाला' म्हणते, ते सारे वहीत उतरवून घ्यायचे आहे. या खेपेला गाळायचे काही नाही. शेजारच्या काकूंचे वाटीभर विरजण तेवढे परत करायचे राहिले आहे. त्यापुरते मडके लावावेच लागेल.

(द्वितीय वर्ष, कला)