पाणी आलं का?

रिमोट म्हटलं की आपल्या हॉस्टेलवाल्यांच्या डोळ्यासमोर येतो तो कॉमन रूममधला, मागचं झाकण हरवलेला आणि सेल रबर-बँडनं बांधलेला रिमोट. बटण दाबून चॅनेल बदललं नाही की आपण तो तळहातावर आपटतो आणि पुन्हा दाबतो. तिथं ते खपतं, कारण टीव्ही समोरच असतो. पण यंत्र दोन किलोमीटर लांब असेल, मध्ये मिट्ट काळोख असेल, आणि ते यंत्र म्हणजे विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर असेल तर? मित्रांनो, गेलं वर्षभर मी ह्या प्रश्नाच्या मागे आहे.

माझं गाव पिंपळगाव बसवंत, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. मुंबई-आग्रा रस्त्यानं गेला असाल तर कांद्या-टोमॅटोच्या गाड्यांची रांग पाहिली असेल. बाकी सगळीकडे द्राक्षबागा. शेतीला थ्री फेज वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. ती सगळीकडे पोचेपर्यंत रात्रीचं जागरण आहेच. रात्रीची पाळी असली की आमचे अण्णा बारा-साडेबाराला बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर निघतात. बांधावर साप, उसात बिबट्या. निफाडची थंडी तर दर डिसेंबरात पेपरात येते. पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकनं पाणी सोडतात. त्या वेळी पाणी मिळालं नाही तर वर्षाची कमाई मण्यांबरोबर तडकते.

तुम्ही म्हणाल, स्टार्टरला 'ऑटो' बसवा की! बसवतात लोक. पण वीज आल्याबरोबर सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर ताण येतो. शिवाय विहिरीत पाणी आहे की नाही, हे ऑटोला कुठं कळतं? मोटर कोरडी फिरत राहते. दुसरा उपाय मोबाईलचा. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' मोबाईलवरून पंप चालवतं, आणि २००९ मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. उत्तम यंत्र आहे, पण त्याला विहिरीपाशी रेंज लागते. आमची विहीर सखल भागात आहे. तिथं फोन कानाला लावून झाडावर चढायचं तेवढं बाकी असतं.

म्हणून मी रेडिओकडे वळलो. तार नसताना लांबून काम करून घेण्याची कल्पना काही नवी नाही. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली होती, दारूही पेटवली होती. आता तेच काम पोस्टाच्या तिकिटाएवढं लोरा मॉड्यूल करतं. हे तंत्र फ्रान्समधल्या सायक्लिओ कंपनीतून आलं आणि २०१२ मध्ये सेमटेकनं ती कंपनी विकत घेतली. त्यात प्रत्येक चिन्ह म्हणजे चढत जाणारी एक शीळ असते. कोकिळेचा आवाज आठवा. कितीही गलका असला तरी तो चढता सूर कान बरोबर वेगळा काढतो. लोराचा रिसीव्हरही तसाच, गोंगाटाच्या खाली बुडालेला सूर ओळखतो. शीळ जितकी लांबवाल तितका पल्ला जास्त आणि वेग कमी. मी स्प्रेडिंग फॅक्टर १० ठेवला. दहा बाइटचा निरोप साधारण ०.२९ सेकंदात जातो. मोटरला एवढी कसली घाई?

मॉड्यूल घेताना पट्टा बघून घ्या. २००५ च्या सरकारी अधिसूचनेनं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी लायसन्सशिवाय मोकळा झाला. मर्यादा ट्रान्समीटरला १ वॅट आणि कॅरिअरला २०० किलोहर्ट्झ. माझं मॉड्यूल १०० मिलिवॅट आणि १२५ किलोहर्ट्झवर चालतं, म्हणजे आत बसतं. स्वस्त मिळतं म्हणून ९१५ वालं उचलू नका, तो पट्टा अमेरिकेतला आहे. आणि अँटेना जोडल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही. ताकदीला बाहेर पडायला वाट नसेल तर ती परत फिरते आणि आउटपुट स्टेजच जाळते.

घर ते विहीर अंतर १.८ किलोमीटर. कागदावर मोकळ्या हवेतला लॉस ९६ डेसिबल येतो, म्हणजे आरामात जमायला हवं. पण मध्ये द्राक्षबागा आहेत! मांडवाच्या पोलादी तारा आणि पाण्यानं भरलेली पानं सिग्नल खातात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडी असते तेव्हा निरोप सहज पोचायचे. डिसेंबरात पान दाटलं की तेच निरोप मध्येच गळायचे. ह्यावर ताकद वाढवणं हा उपाय नाही, उंची वाढवणं हा आहे. ह्या अंतराला फ्रेनेल झोनची त्रिज्या मध्यावर साडेबारा मीटर येते आणि तिच्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. म्हणून गच्चीवर एक वीस फुटी जीआय पाइप उभा केला आणि विहिरीच्या शेडवर दुसरा. मॉड्यूल डबीत घालून पाइपाच्या टोकालाच बसवलं आणि खाली फक्त सप्लाय आणि डेटाच्या वायरी आणल्या. मॉड्यूल खाली ठेवून अँटेनापर्यंत दहा मीटर आरजी-५८ केबल नेली असती, तर पाच-सहा डेसिबल केबलनंच गिळले असते.

स्टार्टरची जोडणी गावातल्या वायरमनकाकांनी केली. हिरव्या बटणाला समांतर एक रिले, लाल बटणाच्या सिरीजमध्ये दुसरा. ओव्हरलोड आणि प्रिव्हेंटर जसेच्या तसे. घरी बटण दाबलं, विहिरीवरून उत्तर आलं, डबीवर हिरवा दिवा लागला. मी अण्णांकडे मोठ्या ऐटीत बघितलं. ते म्हणाले,

"दिवा लागला ते दिसलं. पाणी आलं का?"

चार वर्षांत कुठल्याही व्हायव्हात इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. नेटवर्क्सच्या पेपरला अ‍ॅक्नॉलेजमेंटवर आपण पाच मार्कांची टीप लिहितो. पण पोच कशाची? निरोप मिळाल्याची, रिले ओढल्याची, की काम झाल्याची? हिरवा दिवा फक्त पहिल्या दोनची हमी देत होता. मोटर जाम असती, एक फेज गेला असता, विहीर आटली असती, तरी तो तसाच हसत राहिला असता.

मग मोटरच्या एका वायरवर करंट ट्रान्सफॉर्मर बसवला. पाच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भारावर साधारण सात-साडेसात अँपिअर घेते. पाणी सुटलं तर करंट बराच पडतो, आणि उठलीच नाही तर शून्य. आता विहिरीवरून 'हो' येत नाही, अँपिअर येतात. सोबत तिथं छोटी बॅटरी आहे, त्यामुळे वीज गेलेली असतानाही खालची डबी जागी असते आणि वीज येताच घरी शीळ घालते. अर्ध्या तासात घरचा निरोप पोचला नाही, तर मोटर आपली आपण बंद होते. कोणाशी बोलणं तुटलं की यंत्रानं काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. नंतर सांगायला वाटच नसते.

अण्णांनी तरी लगेच विश्वास ठेवला नाही. पुढच्या आठ रात्री ते विहिरीवर गेलेच. तिथून फोन लागत नाही, म्हणून परत आल्यावर मला विचारायचे, "साडेबाराला काय आकडा होता?" मी सांगायचो, ते मान हलवायचे. नवव्या रात्री डबीनं शीळ घातली, त्यांनी बटण दाबलं, आकडा बघितला आणि गोधडी डोक्यावरून घेतली. मला मिळालेल्या सगळ्या मार्कांपेक्षा ती गोधडी मोठी!

ज्युनिअर मित्रांनो, पुढच्या वर्षी सिनॉप्सिसमध्ये 'वायरलेस कंट्रोल' असं लिहाल तेव्हा रेंज किती, हे तर सर विचारतीलच. त्याच्या खाली एक ओळ तुम्ही स्वतःहून लिहा: काम झालं हे पलीकडून कसं कळेल? लांबून हुकूम सोडणं सोपं असतं, ते कोणालाही जमतं. लांबून खरं काय ते कळवणारं यंत्र असलं, तरच दुसऱ्या टोकाला कोणी निवांत झोपू शकतं.