ताट हातात की पान पुढ्यात?

"बाबूजी, खाना बुफे लगवा दें, या पंगत में बिठाकर खिलाना है?"

बजड्याच्या मालकाने हा साधा प्रश्न विचारला तेव्हा काशीच्या बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर सावली आली होती. पलीकडच्या काठावरच्या वाळूवर मात्र अजून कार्तिकातले ऊन रेंगाळत होते. पुण्याहून आलेले ते कुटुंब पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खात होते. लहानमोठी मिळून एकवीस माणसे. निमित्त होते आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचे. घरचा कार्यक्रम पुण्यात झाला होता. पण "एकदा काशीला न्या रे" ही आजींची इच्छा राहिली होती, म्हणून दोघे मुलगे, सुना, नातवंडे, एक पणतू असा सगळा गोतावळा इथे आला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बजडा, म्हणजे काशीतली ती मोठी होडी, भाड्याने घ्यायची, दशाश्वमेधाची आरती पाण्यातून पाहायची आणि जेवणही गंगेवरच करायचे, असा बेत होता.

थोरल्या मुलाने लगेच सांगून टाकले, "बुफे. बुफेच बरा."

"दादा, आईला विचारलंस का?" धाकटा म्हणाला.

इथून वादाला तोंड फुटले.

बालाजी घाट मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने काशीत जी बांधकामे झाली, त्यांतलाच हा एक. पुढे तो ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेला. शेजारी पंचगंगा घाट, पुढे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. या घाटांच्या वरच्या गल्ल्यांतून पिढ्यान्पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत. याच घाटावरच्या बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहान वयापासून सनईचा रियाज करीत. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले, २००६ साली ते गेले. महाराष्ट्रातल्या कितीतरी मंगल कार्यालयांत त्यांच्या सनईची कॅसेट लावूनच पंगती उठल्या आहेत. तेव्हा पंगत की बुफे हा वाद घालायला जागा तशी योग्यच होती!

थोरल्याच्या म्हणण्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी याच कुटुंबातली नऊ माणसे सिंगापूरहून निघणाऱ्या एका मोठ्या जहाजावर चार रात्रींची सफर करून आली होती. अशा जहाजांवर जेवणाची सोय बहुधा दोन तऱ्हेची असते. वरच्या मजल्यावर बुफे. सकाळपासून रात्रीपर्यंत केव्हाही जा, ताटली घ्या, हवे ते वाढून घ्या. खालच्या मजल्यावर जेवणघर. तिथे पांढरे टेबलक्लॉथ, हातात पदार्थांची यादी आणि विचारायला येणारा वाढपी. पूर्वी या जेवणघरात वेळ आणि टेबल दोन्ही ठरलेली असत. एक पंगत संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसरी आठनंतर, आणि सफर संपेपर्यंत तेच टेबल, तोच वाढपी. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने ही बांधलेली वेळ सोडून दिली आणि मग इतरांनीही हळूहळू मोकळीक दिली.

"तिथे आपण रोज बुफेलाच जात होतो. मुलांना नूडल्स, आम्हाला सांबार, कुणाची कुणाला अडचण नाही," थोरला म्हणाला. "खाली जायचं तर बूट घाला, नीट कपडे करा, दीड तास बसून राहा. पोरं कंटाळतात."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शाकाहारी माणसाला बुफेत पदार्थ डोळ्यांनी पाहून घेता येतो, हाही फायदा आहेच. आणि जहाजावरच्या टेबलाचा संकोच काही आजचा नाही. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघालेल्या तरुण मोहनदास गांधींना काटेचमचे धरता येत नव्हते आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचे धाडस होत नव्हते. ते जेवणाच्या टेबलाकडे फिरकलेच नाहीत. बरोबर आणलेली मिठाई आणि फळे आपल्या खोलीत बसून खात राहिले. हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. त्या जहाजावर बुफे असता तर कदाचित त्यांचे इतके हाल झाले नसते.

"आजी, तुला काय हवंय?" थोरल्याच्या मुलीने विचारले.

"मला काय, कसंही चालेल गं," आजी म्हणाल्या.

नात मोबाइलमध्ये सिंगापूरच्या सफरीचे फोटो काढून पणतवाला दाखवीत होती. एकाएकी तिचा हात थांबला. पहिल्या दिवशीचे जेवण. आजीच्या ताटलीत दहीभात आणि एक केळे. तिने पुढचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशीची रात्र. दहीभात आणि केळे. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. बाकीच्यांच्या ताटल्यांत डोंगर रचलेले, आणि कोपऱ्यात हसणाऱ्या आजींच्या पुढ्यात तोच पांढरा घास.

"आजी, हे काय? तू चार दिवस नुसता दहीभात खाल्लास?"

आजी ओशाळल्या. "अगं, दही-भात दाराशीच होता ना. पुढे ती एवढी लांब रांग. जहाज हलत होतं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताटली, मग वाढून घ्यायला तिसरा हात कुठून आणू? पोळीही चिवट असायची, दातांना जमत नव्हती."

"मग बोलला का नाहीत, आई?" थोरल्या सूनबाई कळवळून म्हणाल्या.

"तुम्ही सगळे मजेत होतात. उगाच कुणाला कशाला उठवायचं? पंगतीत कसं, मागावं लागत नाही. वाढणारा आपल्या पुढ्यात येतो आणि पानात काय संपलं ते त्याला दिसतं."

कुणी काही बोलले नाही. थोरला मुलगा चार दिवस आईच्या शेजारच्याच खुर्चीवर बसून जेवला होता. बुफेत माणसे उठत-बसत असतात, जो तो आपल्या ताटलीकडे पाहतो. दुसऱ्याने काय घेतले, काय घ्यायचे राहिले, हे कळायला कुणी थांबतच नाही.

"ठरलं तर मग, पंगतच," धाकटा म्हणाला.

"थांबा, भाऊजी." थोरल्या सूनबाईंचा आवाज हळू होता, पण त्यात काहीतरी वेगळे होते. "आईंचं पटलं मला. त्यांचे हाल झाले आणि माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतंय. पण पंगत म्हणजे वाढायचं कुणी? तीस वर्षं या घरातल्या पंगतींत मी वाकून वाढलं. गणपती, गौरी, मुंजी. पुरुषांची पंगत आधी, मग मुलांची. आपण बसायचं तेव्हा भाजी तळाला गेलेली आणि वरण गार. माझ्या पानात काय संपलं ते बघायला कोण आलं होतं? म्हणूनच मला बुफे आवडतो. एक दिवस तरी मलाही सगळ्यांबरोबर गरम खायला मिळतं."

धाकट्या सूनबाईंनी मान खाली घातली. त्यांनाही तेच म्हणायचे होते.

पंगतीच्या आठवणी काढताना आपण केळीचे पान, डावीकडची चटणी-कोशिंबीर, उजवीकडची भाजी, मधली भाताची मूद आणि त्यावरची तुपाची धार यांचे कौतुक करतो. पण त्या पानामागे स्वयंपाकघरात कोण उभे असे, हे विसरतो. पंगतीला कोणाला बसू दिले जात नसे, तेही विसरतो. बुफे स्वीडनचा असो की फ्रान्सचा, त्याने निदान कुणाला जात विचारली नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनने टेबलभर मांडलेले आपले जेवण लोकांना दाखवले आणि स्वतः वाढून घेण्याची ती पद्धत अमेरिकेत लोकप्रिय व्हायला मदत झाली. आपल्याकडे त्याच्या अकरा वर्षे आधी, १९२८ साली, लोकमान्य टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी पुण्याच्या गायकवाड वाड्यात सर्व जातींचे सहभोजन घडवून आणले तेव्हा केवढी खळबळ उडाली होती! साऱ्यांनी एका ओळीत बसून जेवणे ही सुद्धा लढून मिळवायची गोष्ट होती.

आजी बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "खरंय तुझं. माझ्या पुढ्यातही कधी कुणी आलं नव्हतं. मला वाटायचं, असंच असतं."

थोड्या वेळाने त्यांनी एकनाथ महाराजांची गोष्ट काढली. नाथांनी भागवतावरची टीका पूर्ण केली ती या काशीतच, १५७३ साली. पैठणला त्यांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्याच्या वासाने वाटेवरून जाणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबातली मुले थबकली, आणि नाथांनी ब्राह्मणांसाठी केलेले ते अन्न त्यांनाच वाढले, अशी कथा सांगतात.

"ज्याला भूक आहे त्याला आधी वाढलं त्यांनी," आजी म्हणाल्या. "आणि ते वाढायला स्वतः उभे राहिले."

थोरल्या मुलाने घसा साफ केला. "वाढायला मी उभा राहतो," तो म्हणाला. बँकेतून निवृत्त झालेल्या त्या माणसाने आयुष्यात कधी पळी हातात धरली नव्हती. पोरे हसली.

मग नातीने वही काढली आणि बेत आखला. तिने दोन्ही पद्धतींतले सोयीचे तेवढे घेतले. बजड्याच्या एका बाजूला तीन टेबले आणि खुर्च्या मांडायच्या. मांडी घालून बसणे आजींच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हतेच. पहिल्या पंगतीला आजी, सगळ्या बायका आणि मुले. वाढायला घरातले सात पुरुष. कोशिंबीर, पापड, पाणी वेगळ्या टेबलावर, ज्याला हवे त्याने उठून घ्यावे. अन्न शिजवायचे ते वरच्या गल्लीत, ज्या मराठी कुटुंबाकडे ते उतरले होते त्यांच्या स्वयंपाकघरात. होडीवर शेगडी पेटवायची नाही. गरम पदार्थ झाकणाच्या डब्यांतून अगदी शेवटी आणायचे. शिजवलेले अन्न उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. गरम पदार्थ साठ अंशांच्या वर आणि थंड पाच अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. बुफेचे अन्न बाधते ते बहुधा इथेच चुकते म्हणून, आणि एकच पळी शंभर हातांतून फिरते म्हणून. २०२०च्या साथीनंतर अनेक जहाजांनी बुफेतही वाढपी उभे केले, ते याच कारणाने.

"पोळ्या आजीसाठी मऊ, दुधात भिजवून," नातीने शेवटची ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बजडा घाटावरून निघाला. भोसले घाट, मणिकर्णिका मागे टाकत दशाश्वमेधापर्यंत गेला. आरती झाली. परतताना मल्लाहाने होडी बालाजी घाटासमोर आणून स्थिर केली. शेजारच्या पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकांना टांगलेल्या टोपल्यांतून कार्तिकातले आकाशदीप लुकलुकत होते.

पत्रावळी मांडल्या गेल्या. सुरुवातीला फार गोंधळ झाला. धाकट्याने मीठ वाढायच्या आधीच भात आणला. जावयांनी वांग्याचे भरीत चटणीच्या जागी वाढले. एका नातवाने खिरीचा द्रोण कलंडवला. "उजवीकडे! भाजी उजवीकडे!" बायका खुर्चीत बसून सूचना देत होत्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होते.

थोरला तुपाची वाटी घेऊन आईसमोर आला. तिच्या पानाकडे त्याने निरखून पाहिले. मऊ पोळी संपली होती, भरीत दोनदा घेतलेले दिसत होते, भाताला हात लागला नव्हता.

"आई, भात नको?"

"दहीभात पुष्कळ झाला रे मागे," आजी म्हणाल्या. "भरीत वाढ अजून."

त्याने भरीत वाढले. मग तो पुढच्या पानाशी आला. तिथे त्याची बायको बसली होती. चौतीस वर्षांच्या संसारात तिला हे कधी विचारले होते का, हे त्याला आठवेना.

"तुला काय वाढू?"

तिने वर पाहिले. काय सांगावे हे तिला पटकन सुचले नाही. सवयच नव्हती. मग म्हणाली, "वरण. गरम असेल तर."

त्याने डबा उघडला. वाफ वर आली.

बायका-मुलांची जेवणे झाली, पाने उचलली गेली आणि पाहतात तो पुरुषांसाठी नव्याने पंगत मांडायला कुणाच्या अंगात त्राण उरले नव्हते. थोरल्याने उरलेले डबे एका टेबलावर ओळीने ठेवले. मग सातही जण हातात ताटल्या घेऊन, कठड्याला टेकून, उभ्यानेच जेवले. भाजी तळाला गेली होती आणि वरण निवले होते. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.