दहा जागांची ओळ

उज्जैनच्या ज्या संस्थेत मी काम करते, तिथे जुन्या पोथ्या, शिंदेशाहीतले मोडी कागद आणि छापील पंचांगं यांची छायाचित्रं काढून ती संगणकावर जपली जातात. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवलं, तोवर उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. इथल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर आजही कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सापडतात. लोक ते विश्वासानं आमच्याकडे आणतात, आम्ही छायाचित्रं काढतो आणि मूळ कागद परत करतो. त्यातले कित्येक कागद इतके जीर्ण झालेले असतात की ते दुसऱ्यांदा उलगडायची आमची हिंमत होत नाही. अशा कागदांचं जे काही उरणार, ते आमच्या सर्व्हरच्या डिस्कवर. त्या डिस्कची देखभाल माझ्याकडे आहे, आणि त्या देखभालीचा गाभा म्हणजे दहा अक्षरांची एक ओळ रोज नीट वाचणं.

आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. त्यात साठवणुकीची व्यवस्था एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, पाहतो. लिनक्ससाठी तो हाइन्झ माउल्सहागेन यांनी 1998 मध्ये लिहिला. नमुना एचपी-युएक्सच्या व्हॉल्यूम मॅनेजरचा होता. काम समजायला अवघड नाही. वेगवेगळ्या डिस्क एकत्र करून त्यांचा एक गट करायचा, गटातल्या जागेचे समान तुकडे पाडायचे (वेगळं काही सांगितलं नाही तर ते प्रत्येकी 4 मेगाबाइटचे पडतात) आणि लागतील तेवढे तुकडे जोडून व्हॉल्यूम तयार करायचा. पोथ्यांना एक व्हॉल्यूम, सूचीच्या डेटाबेसला दुसरा. पोथ्यांचा व्हॉल्यूम भरत आला तर गटात नवी डिस्क घालून तो चालू असतानाच वाढवता येतो. देणग्यांवर चालणाऱ्या आमच्यासारख्या संस्थेला ही सोय फार मोलाची आहे, कारण आम्ही एका वेळी एकच डिस्क घेऊ शकतो.

सगळ्या व्हॉल्यूमची यादी ‘एलव्हीएस’ या आज्ञेनं दिसते. नाव, गट, आकार, आणि मध्ये एक रकाना ‘अ‍ॅट्रिब्यूट’चा. त्यात प्रत्येक व्हॉल्यूमसमोर दहा जागा असतात. साध्या, वापरात असलेल्या व्हॉल्यूमसमोर दिसतं ते असं: रेघ, डब्ल्यू, आय, रेघ, ए, ओ आणि शेवटी चार रेघा. पहिली जागा व्हॉल्यूमचा प्रकार सांगते. रेघ म्हणजे साधा. दुसरी परवानगी सांगते. डब्ल्यू म्हणजे लिहिता येतं, तिथे आर असेल तर फक्त वाचता येतं. तिसरी जागा तुकडे कोणत्या धोरणानं वाटायचे ते सांगते. आय म्हणजे गटाचं धोरण तेच याचं. चौथीचा प्रसंग क्वचित येतो. पाचवी अवस्था सांगते. ए म्हणजे सुरू. सहावीत ओ म्हणजे उघडलेला, कुणीतरी वापरत असलेला. सातवी जागा कर्नलमधली कोणती यंत्रणा हा व्हॉल्यूम चालवते ते सांगते, आठवी नवी जागा वापरण्याआधी शून्यांनी पुसली जाते का ते. नववी प्रकृती सांगते, आणि दहावी सांगते की मुद्दाम सांगितल्याशिवाय हा व्हॉल्यूम सुरू करायचा नाही.

मला हे शिकवणारे सर निवृत्तीला आले होते. त्यांनी मला अक्षरं पाठ करू दिली नाहीत. ते म्हणाले, “पंचांग वाचतेस ना? तिथीपुढेही घटिका-पळं येतात आणि नक्षत्रापुढेही. आकडा तोच, पण रकाना बदलला की अर्थ बदलतो. आधी जागा बघ, मग अक्षर.” उज्जैनमध्ये वाढलेल्या मुलीला हे सांगायला याहून जवळचं काही सापडलं नसतं. सवाई जयसिंहांची वेधशाळा आमच्या गावात आहे. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, तेव्हा गोविंद सदाशिव आपट्यांसारखा मराठी ज्योतिर्विद त्या कामात होता. आमच्या घरात रकाने बघून पंचांग वाचायची शिस्त लहानपणीच लागते. सरांनी तीच शिस्त मला सर्व्हरवर लावायला सांगितली.

तिचं मोल मला पहिल्यांदा कळलं ते सूचीचं सॉफ्टवेअर बदलताना. बदलाआधी डेटाबेसच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेण्याची संस्थेत पद्धत होती. जुन्या धाटणीचा स्नॅपशॉट पूर्ण प्रत काढत नाही. मूळ व्हॉल्यूमवरचा एखादा भाग बदलणार असेल, तर बदलाआधीचा मजकूर तेवढा उचलून तो आपल्या जागेत ठेवतो. म्हणून 500 गीगाबाइटच्या व्हॉल्यूमलाही 20 गीगाबाइटचा स्नॅपशॉट चालून जातो, पण बदल थोडे असतील तरच. त्या वेळी नव्या सॉफ्टवेअरनं सगळी सूची नव्यानं रचायला घेतली आणि बदलांचा लोंढा आला. मधेच मी एलव्हीएस चालवलं. स्नॅपशॉटच्या ओळीत पाचव्या जागी ए नव्हता, मोठा आय होता. अर्थ स्पष्ट होता: त्याची जागा पूर्ण भरली आणि तो कायमचा निकामी झाला. असा स्नॅपशॉट दुरुस्त होत नाही, त्याला जागा वाढवून देऊनही उपयोग नसतो. मागे फिरायची वाट बंद झाली होती.

पण त्याच यादीत वरची ओळ मूळ व्हॉल्यूमची होती. पहिल्या जागी ओ, म्हणजे ज्याचा स्नॅपशॉट घेतला आहे तो मूळ. पाचव्या जागी ए, सहाव्या जागी पुन्हा ओ, म्हणजे उघडलेला. एकच अक्षर एका ओळीत दोनदा, दोन वेगळ्या गोष्टी सांगत होतं, आणि दोन्ही चांगल्या होत्या. स्नॅपशॉट मेला तरी मूळ व्हॉल्यूमला धक्का लागत नाही. सूची रचण्याचं काम मी थांबवलं नाही. ते पूर्ण होऊ दिलं, वेगळ्या डिस्कवरच्या बॅकअपशी नोंदी ताडून पाहिल्या आणि निकामी स्नॅपशॉट काढून टाकला. मूळ व्हॉल्यूमची ओळ लगेच साध्या रूपावर आली. त्यानंतर आम्ही सेटिंग बदललं: स्नॅपशॉट 70 टक्के भरला की तो आपोआप 20 टक्क्यांनी वाढावा. ही सोय एलव्हीएममध्ये असते, पण आपण चालू केल्याशिवाय ती चालू होत नाही. दुसरी गोष्ट मी सगळ्यांना बजावून सांगितली. स्नॅपशॉट म्हणजे थोड्या वेळापुरती मागे फिरायची सोय. तो त्याच गटात राहतो आणि मूळ व्हॉल्यूमवर अवलंबून असतो, म्हणून त्याला बॅकअप म्हणायचं नाही.

पुढे सिंहस्थ आला. 5 मे 2016 रोजी मेळ्यात वादळ आणि पाऊस झाला, मंडप कोसळले, माणसं दगावली. गावभर वीज येत होती आणि जात होती. आमचा सर्व्हर बॅटरीवर काही वेळ चालला आणि ठरल्याप्रमाणे बंद झाला. पुन्हा सुरू केला तेव्हा पोथ्यांच्या व्हॉल्यूमखालच्या दोन डिस्कपैकी एक दिसेना.

पोथ्यांचा व्हॉल्यूम आम्ही रेडच्या पद्धतीनं ठेवला होता, दोन डिस्कवर एकसारख्या दोन प्रती. त्याच्या ओळीत पहिल्या जागी आर होता, म्हणजे रेड. पाचव्या जागी ए, सहाव्या जागी ओ, सातव्या जागी पुन्हा आर. आणि नवव्या जागी, जिथे रोज रेघ असायची तिथे, पी होता. पी म्हणजे अपुरा, या व्हॉल्यूमखालची एखादी डिस्क गायब आहे. तरीही पाचवी आणि सहावी जागा शाबूत होती, म्हणजे उरलेल्या एका प्रतीवर तो नीट चालू होता. पोथी विभागातले काका दारात उभे होते. घरून निरोप येत होते, मेळ्यात गेलेल्या नातलगांचा शोध चालला होता, तरी ते हलत नव्हते. “अगं, पोथ्या आहेत ना, एवढंच सांग.” मी त्यांना पाचवी आणि नववी जागा दाखवली आणि म्हटलं, “काका, पोथ्या आहेत. पण आत्ता एकाच पायावर उभ्या आहेत. दुसरा पाय मिळेपर्यंत त्यावर नवीन काही लिहायचं नाही.” नवी छायाचित्रं त्या दिवसापासून बाहेरच्या डिस्कवर जाऊ लागली.

नवी डिस्क मिळाल्यावर ती गटात घातली आणि रेडच्या दुरुस्तीची आज्ञा दिली. त्या वेळी माझ्यासोबत देवासची एक मुलगी शिकत होती. स्नॅपशॉटचा प्रसंग तिनं पाहिलेला होता. आतले लपलेले भागही दिसावेत म्हणून तिनं एलव्हीएसला ‘ए’ हा पर्याय दिला आणि ओरडली, “ताई, मोठा आय आला! ही प्रतही गेली!”

मी तिला म्हटलं, “कितव्या जागी?”

तिनं मोजलं. पहिल्या.

पाचव्या जागचा मोठा आय म्हणजे निकामी स्नॅपशॉट, त्याला काही उपाय नाही. पहिल्या जागचा मोठा आय म्हणजे रेडची एक प्रत, जी अजून दुसरीशी जुळलेली नाही. दुरुस्ती चालू असताना नव्या प्रतीसमोर हेच अक्षर दिसायला हवं. ते दिसलं म्हणजे काम सुरू झालं. प्रती जुळल्या की तो मोठा आय छोटा होतो. शेजारच्या रकान्यात किती टक्के जुळणी झाली ते चढत होतं. तिनं खुर्ची ओढली आणि आकडा वाढताना बघत बसली. दुरुस्ती पूर्ण झाली तेव्हा पहिल्या जागचा आय छोटा झालेला होता, आणि मुख्य ओळीत नवव्या जागी पुन्हा रेघ आलेली होती. काकांना बोलवायला तीच धावली.

मग मी तिला मोठ्या आयची तिसरी जागाही सांगितली. तिसऱ्या जागी तो आला तर काहीच बिघडलेलं नसतं. चालू व्हॉल्यूम एका डिस्कवरून दुसरीवर हलवताना वाटपाचं धोरण तात्पुरतं कुलूपबंद होतं, एवढाच त्याचा अर्थ. एकच अक्षर तीन जागी आहे: एका जागी ते वाट पाहायला सांगतं, एका जागी कुलूप दाखवतं, एका जागी शेवट. घाईत अक्षर वाचणारा माणूस भरून येत असलेली प्रत मेली समजून काढून टाकील, आणि त्याच्या हातून खरोखर नुकसान होईल. साठवणुकीच्या कामात घाबरून दिलेल्या आज्ञेची मला डिस्कच्या बिघाडापेक्षा जास्त भीती वाटते.

नवव्या जागेवर माझी नजर आता सगळ्यात आधी जाते. रेडमध्ये तिथे छोटा आर आला तर एखाद्या डिस्कवर लिहिताना चूक झालेली असते, आणि व्हॉल्यूम ‘रिफ्रेश’ करावा किंवा डिस्क बदलावी लागते. छोटा एम आला तर दोन प्रतींमध्ये काही ठिकाणी फरक सापडला आहे. हा एम आपोआप येत नाही. तपासणीची आज्ञा दिल्यावरच कळतो, म्हणून ती तपासणी आम्ही ठरलेल्या दिवशी चालवतो. थिन पूल, म्हणजे प्रत्यक्षात असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा कबूल करून ठेवणारा साठा, आम्ही नंतर सुरू केला. त्यात नवव्या जागी मोठा डी आला की डेटाची जागा संपली, मोठा एम आला की त्याचा हिशेब ठेवणारी जागा फक्त वाचण्यापुरती उरली. डी आल्यावर नवं लिखाण काही काळ थोपवलं जातं, न बदललेल्या सेटिंगमध्ये 60 सेकंद, आणि मग चुका यायला लागतात. तेवढ्या वेळात माणूस धावून येऊ शकत नाही. जागा आधीच राखून ठेवायला हवी. थिन स्नॅपशॉटच्या दहाव्या जागी के असतो. तो बघून नवखा माणूस म्हणतो, स्नॅपशॉट सुरूच होत नाही. के म्हणतो तेच खरं असतं: मुद्दाम सांगा, मग होईल.

हे सगळं शब्दांतही मागता येतं. प्रकृतीचा वेगळा रकाना मागितला तर एलव्हीएस अक्षराऐवजी इंग्रजीत पूर्ण शब्द छापतं, आणि रात्रीच्या स्वयंचलित तपासणीसाठी मी तोच वापरते. तरी सकाळी दहा जागांची ओळ मी डोळ्यांनी वाचते, कारण प्रकार, परवानगी, अवस्था, वापर आणि प्रकृती तिथे एकत्र दिसतात, आणि एकाचा अर्थ दुसऱ्याशिवाय पुरा होत नाही. पी एकटा वाचला तर माणूस हादरतो; ए आणि ओ यांच्यासोबत वाचला तर पुढे काय करायचं ते कळतं.

त्या मुलीनं आमच्याकडून जाण्याआधी एक वही तयार केली. आमच्या प्रत्येक व्हॉल्यूमचं नाव, तो निरोगी असताना त्याच्या दहा जागी काय असतं ती ओळ, आणि कोणत्या जागी काय बदललं तर काय करायचं, हे मराठीत आणि हिंदीत. एलव्हीएमचा कोड खुला आहे, त्याची पुस्तिका त्याच्यासोबतच मिळते, कुणीही वाचू शकतो. पण आपल्या यंत्राची निरोगी ओळ कशी दिसते, हे कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. ते आपणच लिहून ठेवायचं असतं, आणि ते एका माणसाच्या डोक्यात राहून चालत नाही. 2028 च्या सिंहस्थापर्यंत आमच्याकडे आणखी कितीतरी घरांचे रुमाल आलेले असतील. तेव्हा सर्व्हरसमोर मी असेन की दुसरं कुणी, याला महत्त्व नाही. जो असेल त्यानं वही उघडावी, आधी जागा बघावी, मग अक्षर, आणि त्यानंतरच कीबोर्डला हात लावावा.