रोम ते व्हेनिस : इटली रेल्वेच्या खिडकीतून

इटलीची सहल आपण स्वतः आखायची म्हटली, की घरातली मंडळी जरा बिचकतात. भाषा येत नाही, स्टेशनं अनोळखी, बरोबर आई-वडील आणि मुलं. पण या देशाचा नकाशा प्रवाशाच्या बाजूचा आहे. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तिन्ही शहरं रेल्वेने एकापाठोपाठ येतात. वेगवान गाडीने रोमहून फ्लॉरेन्सला साधारण दीड तास, तिथून व्हेनिसला सव्वादोन तास. रोम-फ्लॉरेन्स या जलदमार्गाचा पहिला टप्पा १९७७ सालीच सुरू झाला होता.

आखणीची सुरुवात मात्र विमानाच्या तिकिटापासून करावी. रोमला उतरायचं आणि परतताना व्हेनिस किंवा मिलानहून विमान धरायचं. जाण्यायेण्याचं तिकीट एकाच शहराचं काढलं, तर व्हेनिसहून रोमला परतण्यात जवळजवळ चार तास गाडीत जातात. हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं, पुन्हा नवीन खोली शोधणं धरलं तर सुट्टीतला एक पुरता दिवस गेलाच म्हणून समजा.

आठ दिवसांत सहा शहरं कोंबण्याचा मोहही आवरलेला बरा. मुक्काम तीनच ठिकाणी करावा आणि सामान खोलीवर ठेवून आसपास फिरून यावं. फ्लॉरेन्सहून साध्या गाडीने पिसा तासाभरावर आहे. रोमहून नेपल्स वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आत येतं, तिथून उपनगरी गाडीने पॉम्पेईचे अवशेष पाहून रात्री रोमला परतता येतं.

अशी आखणी केली की फ्लॉरेन्समध्ये अर्धा दिवस मोकळा मिळतो. मराठी माणसाने तो कासीने बागेसाठी राखून ठेवावा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी या शहरात वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलाच्या नावाचा अर्थच मुळी ‘भारतीयाचा पूल’ असा होतो. बाग लांबलचक आहे आणि स्मारक तिच्या पार पश्चिम टोकाला, तेव्हा चालायची तयारी हवी. टूरवाल्यांच्या बसेस तिकडे सहसा वळत नाहीत.

आता तिकिटांचं. वेगवान गाड्यांची तिकिटं विमानासारखी असतात. लवकर काढली तर स्वस्त, ऐनवेळी महाग. यातली खरी अडचण व्हिसाची. सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत आणि व्हिसा तर हातात नसतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शक्य तितका लवकर करावा आणि स्वस्त तिकिटं व्हिसा आल्यावरच घ्यावीत. आधी घ्यायचीच असतील तर चार पैसे जास्त देऊन बदलता येण्याजोगी घ्यावीत. साऱ्या युरोपात चालणारा रेल्वे पास ऐकायला आकर्षक वाटतो. पण इटलीच्या वेगवान गाड्यांत पासावरसुद्धा आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. तीन-चार प्रवासांसाठी सुटी तिकिटंच परवडतात, असं आमचं मत.

पिसासारख्या जवळच्या गावाच्या साध्या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं. तिथे घाई नको. मात्र कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड होऊ शकतो.

फलकांवर गावांची नावं इटालियन असतात. फ्लॉरेन्स म्हणजे फिरेन्त्से, व्हेनिस म्हणजे वेनेत्सिया. ‘पार्तेन्त्से’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘बिनारियो’ म्हणजे फलाट. फलाटाचा आकडा गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी झळकतो, तेव्हा आजी-आजोबांना फलकाजवळच बसवावं. लाल डगलेवाला हमाल शोधू नका. काही गाड्यांच्या पायऱ्या उंच असतात. म्हणून ज्याची बॅग त्याला उचलता येईल एवढंच सामान घ्यावं.

आणखी एक इटालियन शब्द ओळखीचा असावा. ‘शोपेरो’, म्हणजे संप. तो बहुतेक वेळा आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात काही ठरावीक साध्या गाड्या संपातही सोडल्या जातात. परतीच्या विमानाच्या शहरात मात्र आदल्या दिवशीच पोहोचलेलं बरं.

व्हेनिसचं तिकीट काढताना स्टेशनचं पूर्ण नाव पाहावं. मेस्त्रे हे जमिनीवरचं स्टेशन. तिथली हॉटेलं पुष्कळदा स्वस्त पडतात, पण कालव्यांचं शहर तिथे नाही. त्यासाठी सांता लुचियाचं तिकीट हवं. मेस्त्रे सुटलं की मुलांना खिडकीशी बसवा. १८४६ साली खुल्या झालेल्या पुलावरून गाडी खारं पाणी ओलांडते आणि स्टेशनच्या पायऱ्यांसमोर रस्त्याऐवजी थेट मोठा कालवाच येतो. तिथून पुढे बोट किंवा पायी. वाटेत पायऱ्यांचे पूल लागतात, म्हणून हॉटेल बोटीच्या थांब्याजवळचंच निवडावं.