समुद्राकाठच्या बंकरची गोष्ट

करडी, जि. भंडारा

चि. मृण्मयीस,
काकांचे अनेक आशीर्वाद.

इकडे धानाची कापणी आटोपली, पुंजणे लागले. सगळे मजेत आहेत. आमच्या अंदमानच्या फोटोतली सिमेंटची बुटकी खोली कशाची, असं तू विचारलंस. तू जपानात राहतेस, म्हणून नीटच सांगतो.

तो जपान्यांचा बंकर. जाडजूड भिंत, समुद्राच्या अंगाला बंदुकीची नळी मावेल एवढी आडवी फट. २३ मार्च १९४२ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं, ते १९४५पर्यंत तिथंच होतं.

आपला माणूस सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो आणि परततो. पण त्याच जेलात जपान्यांनीही आपली माणसं कोंडली. डॉ. दिवाणसिंग हे पंजाबी कवी, इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे तिथले पुढारी. त्यांना हेर ठरवून त्यांचे अतोनात हाल केले. १४ जानेवारी १९४४ला ते गेले.

त्याच्या पंधरवडाभर आधी, ३० डिसेंबरला, नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. लोकांचा छळ त्यांच्या कानावर घालायची धडपड झाली, पण ती फसली. आणि बरोबर महिन्यानं, ३० जानेवारीला, हंफ्रीगंज गावी जपान्यांनी ४४ जणांना हेर म्हणून गोळ्या घातल्या. त्यांतले बहुतेक लीगचेच, म्हणजे नेताजींच्याच बाजूचे. तिथं आज त्यांचं स्मारक आहे.

पुढे बेटावर अन्न तुटलं. १९४५च्या ऑगस्टमध्ये शेती करायला नेतो म्हणून जपान्यांनी शेकडो लोकांना बोटींत भरलं आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकललं. जगले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आम्हा शेतकऱ्यांना हे वाचून घास गिळवत नाही. त्याच हॅवलॉकला, आताच्या स्वराज द्वीपला, लोक सहलीला जातात.

आपण तिरंग्याचा दिवस साजरा करतो, ते योग्यच. पण हंफ्रीगंजचं नाव घेतल्यानं नेताजींचं मोठेपण तसूभरही उणं होत नाही. ते ४४ जणही देशासाठीच उभे होते.

तिकडच्या मैत्रिणींनी विचारलं तर हे सगळं सांग. राग धरू नकोस, त्या मुलींचा यात काही दोष नाही. पण काही झाकूही नकोस. आणि अंदमानला जाशील तेव्हा समुद्रावर जाण्याआधी हंफ्रीगंजला जा, तिथली नावं वाच.

तब्येतीला जप.

तुझे,
काका